पावकी

गंटर्सव्हिलच्या धक्क्यावर पहाटे साडेपाचला
कुणीतरी उतरणीवर पसापसा मीठ फेकत होतं.
तरी एक ट्रेलर तिरका घसरलाच,
अंधारातून आधी शिवी आली, मग हसू.

चिठ्ठीत मला वेंडेल क्रीच निघाला.
बोट क्रमांक त्रेसष्ट. मागची खुर्ची माझी.
पुढच्याने चाळून झालेलं पाणी
मागच्याने पुन्हा चाळायचं, अशी ही स्पर्धा.
"दातांची डॉक्टर का?" त्यानं विचारलं,
आणि मग दुपारपर्यंत
ओठ मिटूनच बोलला.

साठ मैलांच्या वेगात
डोळ्यांतलं पाणी कानाकडे पळतं
आणि वाटेतच थिजतं.
उत्तरेचं वारं परवा येऊन गेलेलं.
उजाडलं ते घासून पुसून निळं,
ढगाचा एक तुकडा नाही आडोशाला.
पाणी एकेचाळीस; आपल्या मापात पाच.
असल्या पाण्यात बास उपाशी नसतो, भरल्या पोटीही नसतो.
नुसता असतो.

पुलाच्या खांबांशी थांबलो.
गळाच्या काठीच्या कड्यांत बर्फ धरायचा,
काठी पाण्यात बुडवायची, बर्फ सुटायचा,
वर काढली की पुन्हा.
दोन झटके द्यायचे खोट्या मासोळीला, मग थांबायचं.
"किती थांबू?"
"कंटाळा येईल इतकं," वेंडेल म्हणाला,
"आणि मग तेवढंच आणखी."

घड्याळ तीन बाह्यांच्या आत.
मग मी पावकी म्हणू लागले,
चौथीत छडीच्या धाकाने घोकलेली,
जिचा पुढे कशालाच उपयोग झाला नव्हता.
एक पाव पाव, दोन पाव अर्धा,
तीन पाव पाऊण, चार पाव एक.
झटका. झटका.
एक पाव पाव.
साडेनऊ. सव्वादहा. बोटं कुणा दुसऱ्याची.
अकराला थर्मासमधली कॉफीही गार.

तेवीस पाव पावणे—
दोरी ओढली गेली नाही, फक्त जड झाली,
फोनवर बोलता बोलता
पलीकडचं माणूस गप्प व्हावं तशी.

वर आला हिरवा, थंड, अजिबात न भांडता.
जबड्यात अंगठा घातला. ते दात नव्हेत, कानस.
पट्टीवर ठेवला.
पावणेपंधरा.
एकोणसाठ पाव. साठ हवे होते.

"तोंड मिटून धर," वेंडेल म्हणाला, "शेपूट चिमटीत घे."
घेतली. रेषेच्या जवळ गेली,
रेषेला शिवली नाही.
मग वेंडेल पुलाकडे पाहू लागला.
वरून लाकडांचा एक ट्रक गेला.
ट्रक गेल्यावरही तो पुलाकडेच पाहत राहिला,
माझ्यासाठी, फार वेळ.

मी वाकले. हात मनगटापर्यंत पाण्यात.
मासा सुटल्यावरही तिथेच होता क्षणभर,
त्याला कसली घाई.
मग खाली गेला, आला तसाच.

"बरं," वेंडेल म्हणाला. एवढंच.
आणि पुढे बराच वेळाने,
"ते काय पुटपुटतेस?"
सांगितलं. त्याने म्हणून पाहिलं.
अलाबामाच्या जिभेवर पाव लोण्यासारखा पघळला,
पाऊण काही केल्या जमेना.
पण दोनला त्याला एक लागला, अडीचला आणखी एक,
दोन्ही मापात.

वजनकाट्यापाशी एकशे आठ बोटींची माणसं.
निम्म्याहून जास्त जणांचे हात खिशात, माझ्यासारखेच.
वेंडेल सव्विसावा आला.
बक्षिसं विसापर्यंत होती.
त्याने मला बिस्किटांचा उरलेला पुडा दिला
आणि पिकअपच्या काचेवरचा बर्फ खरवडू लागला.

सोमवारी दवाखान्यात
एका बाईंची दाढ, सुई दिलेली,
भूल चढायची वाट पाहत उभी आहे.
मोज्याच्या आत अंगठा खरखरतोय.
बाई डोळ्यांनीच विचारतात, झालं का?
नाही, म्हणते मी,
अजून थोडं.